पोटावरची पिशवी आणि अमर आत्मा

आधी घाणीचं बोलून घेऊ.

माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, एक लाल ओलसर तोंड आहे. त्यावर पिशवी चिकटवलेली असते आणि तिच्यात विष्ठा जमा होते. कधी आणि कोणासमोर, ते माझ्या हातात नाही. ते तोंड आवाज करतं. मीटिंगमध्ये करतं, गणपतीच्या आरतीत करतं. उन्हाळ्यात चिकटपट्टीखाली घाम साचतो आणि कड सुटते. सुटली की ते सगळ्यात आधी मला कळतं, आणि माझ्या शेजारी बसलेल्याला लगेच त्यानंतर.

हे वाचून किळस आली असेल तर पान उलटू नका. मलाही आली होती. इतकी, की मी मरायला तयार झाले होते. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विचार करायला दोन आठवडे दिले आणि त्यातले दहा दिवस माझं उत्तर ‘नाही’ होतं. त्या दहा दिवसांत मला आत्म्याबद्दल पुष्कळ ऐकवण्यात आलं. पिशवीबद्दल चकार शब्द कोणी काढला नाही. म्हणून मी लिहिते आहे.

अहवाल

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणारा एक कारखाना आहे. खजुराच्या, तांदळाच्या, फ्रोझन पराठ्यांच्या. तिथली तपासणीची लॅब माझ्याकडे आहे. काम साधं असतं. पिशवी फुगवायची, पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि कडेला बुडबुडा येतो का ते बघायचं. एक बुडबुडा आला तरी अख्खा लॉट थांबवायचा. सेल्सवाले ओरडतात. ओरडू देत.

२००८च्या दिवाळीनंतर मंदी आली. आमच्याकडे दर गुरुवारी, आठवडा संपताना, कोणाला तरी वर बोलावलं जाई आणि रविवारी त्याचं टेबल रिकामं असे. अरविंद, माझा नवरा, अबू धाबीला अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरवर प्लॅनिंग इंजिनियर होता. टॉवर बाराव्या मजल्यावर थांबला आणि जानेवारीत अरविंदही थांबला. घराची सगळी भिस्त माझ्या व्हिसावर आली. त्या दिवसांत आमच्या लोकांनी एक नियमच करून टाकला होता. आजारी पडायचं नाही. जो रजेवर जाईल त्याच्यावाचून चालतं हे साहेबांना कळेल, अशी भीती. तापाने फणफणलेली माणसं गोळी घेऊन मशीनवर उभी राहत.

मला आठ महिने रक्त जात होतं. मी त्याला मूळव्याध म्हणत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्यांतली गळती शोधायची आणि स्वतःच्या गळतीवर इसबगोल घ्यायचा. या मूर्खपणाची मला आजही पोटावरच्या तोंडापेक्षा जास्त किळस येते.

मार्च २००९मध्ये अहवाल आला. आतड्याच्या अगदी शेवटी कॅन्सर. सर्जन इजिप्तचे, मऊ बोलणारे.

“मॅडम, खालचा भाग पूर्ण काढावा लागेल. बाहेर पडायचा रस्ता पोटावर करू.”

“कायमचा?”

“कायमचा.”

“आणि मी बरी होईन?”

“इन्शाल्ला.”

“टक्क्यांत सांगा.”

“इन्शाल्ला, फार चांगली आशा आहे.”

“डॉक्टर, मी आजवर एकही लॉट इन्शाल्लावर पास केलेला नाही.”

ते हसले आणि एक पुस्तिका माझ्या हातात दिली. मुखपृष्ठावर एक गोरी बाई पांढऱ्या कपड्यांत टेनिस खेळत होती. तिच्या पोटावर पिशवी आहे असं आत लिहिलं होतं. मी पुस्तिका मिटली. मी आयुष्यात टेनिस खेळलेले नाही.

तिथून मी सरळ कारखान्यात गेले. दुपारचे नमुने राहिले होते. फोर्कलिफ्ट चालवणारा दत्ताराम दारात उभा होता. सावंतवाडीकडचा, चाळिशीचा, कामाचा माणूस. दर गुरुवारी तो रिजेक्टच्या पेटीतल्या काळ्या, चेन लावायच्या पिशव्या मागायला यायचा. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“गावाला दुकान काढलंस का रे पिशव्यांचं? दर आठवड्याला काय?”

तो तसाच मागे वळला. रिकाम्या हाताने गेला.

शुक्रवारची मंडळी

नोकरी गेलेल्या पुरुषाला सकाळी अकरा वाजता काय करायचं ते कळत नाही. अरविंदने आधी पडद्यांचे रॉड दुरुस्त केले. मग स्वयंपाक शिकला. मग शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये एक अभ्यासमंडळ सुरू केलं. अरविंद धरून पाच पुरुष, त्यातले तिघे बेकार. गीता घेऊ या म्हणाले, पण गीता सगळ्यांना आधीच येत होती, त्यामुळे पहिल्याच बैठकीत भांडण झालं. ग्रीक तत्त्वज्ञान कोणालाच येत नव्हतं, म्हणून ते घेतलं.

म्होरके बापटसाहेब. पन्नाशी उलटलेले, पुण्यात कधीकाळी तत्त्वज्ञानात एम.ए. झालेले आणि पंचवीस वर्षं जहाजांचे कंटेनर मोजलेले. विषय होता मृत्यू आणि आत्म्याचं अमरत्व. अथेन्समधल्या त्या म्हाताऱ्याला विषाचा पेला प्यायची शिक्षा झाली आणि शेवटच्या दिवशी तुरुंगात तो मित्रांशी आत्म्याबद्दल बोलत बसला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ते बोलणं ही मंडळी परिच्छेदा-परिच्छेदाने वाचत. मी आत पोहे करत असे, त्यामुळे मलाही बरंच कळलं. शरीर हे आत्म्याचं लोढणं. त्याला भूक लागते, रोग होतात, ते विचार करू देत नाही. खरा विचारी माणूस जन्मभर मरायची तयारीच करत असतो.

अहवालाच्या दिवशी संध्याकाळी मी अरविंदला सांगितलं. तो कणीक मळत होता. हात तसेच ठेवून खुर्चीवर बसला.

“मी नाही म्हणणार आहे,” मी म्हटलं. “हे पोटावर घेऊन मी जगणार नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे धड राहीन.”

तो बराच वेळ बोटांची कणीक काढत राहिला. मग म्हणाला, “तुझा निर्णय आहे. मी तो स्वीकारतो.”

मला त्या शब्दाची शिसारी आली. स्वीकारतो! मला भांडण हवं होतं. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस डाळीत मीठ कमी पडलं तरी वाद घालतो, आणि बायको मरते म्हणाली तर स्वीकारतो.

सानिका, आमची मुलगी, तेव्हा सोळाची होती. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. ती दारातून म्हणाली, “इट्स जस्ट अ बॅग, ममा,” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराशी उभी राहिले. आतून उलट्यांसारखा आवाज आला. रडत होती.

दुधाचं दही

पुढच्या शुक्रवारी मंडळी आली ती हळू आवाजात. अरविंदने सांगितलं होतं. बापटसाहेब माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

“वहिनी, तुमचा निर्णय ऐकून नतमस्तक झालो. आम्ही वाचतो, तुम्ही जगताय. तो म्हातारा याच शांतपणे पेल्याला सामोरा गेला.”

“बसा. चहा टाकते.”

“चहा राहू द्या. आज तुम्ही आमच्यात बसा.”

मी बसले. माझ्याच सोफ्यावर, मध्ये. दोन्हीकडे पुरुष, हातात पेन्सिली. त्यांनी मला समजावून सांगितलं. झोपेतून जाग येते, जागेपणातून झोप. प्रत्येक गोष्ट तिच्या उलट गोष्टीतून जन्मते. तसं जगण्यातून मरण येतं, म्हणजे मरणातून जगणं यायलाच हवं.

“बापटसाहेब, दुधाचं दही होतं,” मी म्हटलं. “दह्याचं दूध करून दाखवा.”

एक जण हसला आणि लगेच खोकला. बापटसाहेब म्हणाले, “वहिनी, तुम्ही थट्टेवारी नेताय. बरं, तो मुद्दा सोडा. ग्रीकांतच दुसरा एक पंथ होता. ते म्हणत, आत्माबित्मा अमर नाही, अणूंसारखा विखरून जातो. पण तरी भ्यायचं कारण नाही. आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही. गाठच पडत नाही. मग भीती कसली?”

हा मला बरा वाटला. निदान हिशेब सरळ होता.

“मला मरणाची भीती नाहीच,” मी म्हटलं. “मला पिशवीची किळस आहे. त्यावर तुमच्या ग्रीकांनी काय लिहिलंय?”

अरविंद पुस्तकाची पानं उलटू लागला, जणू सापडेल. शेवटी बापटसाहेब म्हणाले, “शरीर हे क्षुद्रच, वहिनी. त्यात मन गुंतवायचं नाही.”

“डॅड,” सानिका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “आर यू गाइज सीरियस?”

मी उठले आणि पोहे आणले. सगळ्यांनी दोनदा घेतले. शरीर क्षुद्र असलं तरी पोह्यांवर ओलं खोबरं लागतं. त्या दिवशी मला प्रथमच लक्षात आलं, की या मंडळींना माझं मरण आवडलं होतं. त्यात वास नव्हता.

दत्ताराम

रजेचा अर्ज द्यायचा की नाही हे ठरलेलं नव्हतं, पण एचआरला कल्पना द्यावी लागली. आमच्याकडे एचआरला सकाळी सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोर्कलिफ्टवर पोचते. दहाव्या दिवशी दत्ताराम लॅबमध्ये आला. एरवी तो माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतो. त्या दिवशी केला नाही.

“मॅडम, एक विचारू? रागावूचा नाय.”

“विचार.”

“तुमका पिशवी लावतले?”

मी भयंकर चिडले. त्याने शांतपणे लॅबचं दार लावलं आणि बॉयलर सूटची चेन खाली ओढली. मी ओरडणारच होते. त्याने आतला बनियन वर केला. पोटाच्या उजव्या बाजूला पिशवी होती. जुनी, स्वस्त, कडेला कापडी चिकटपट्टीने डकवलेली.

“पाच वर्सां झाली. टायफॉइडात आतडा फाटला. डॉक्टर म्हणालो सहा महिन्यांनी परत जोडूया. पण सुट्टी खय गावता? मगे ही मंदी इली. आता गावाक गेलंय तर परत बोलावतले काय?”

पाच वर्षं. हा माणूस पाच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर त्या उन्हात पॅलेट उचलत होता. मी खुर्चीत बसले. मग मला जे प्रश्न गेले दहा दिवस पडले होते आणि जे मी कोणाला विचारले नव्हते, ते सगळे मी त्याला विचारले.

“आठ जणांच्या खोलीत राहतोस. कसं करतोस?”

“चाराक उठतंय. तेव्हा बाथरूम मोकळी असता.”

“वास?”

“बरोबर लागली तर येवचो नाय. आणि काढलेली पिशवी मी तुमच्या त्या काळ्या पिशयेत घालतंय, चेन लावतंय, कचऱ्यात. कोणाक कळणा नाय. म्हणान येतंय ना दर गुरुवारी.”

मी त्याला दुकानदार म्हटलं होतं. मी मान खाली घालून विचारलं, “किळस नाही येत?”

“येता ना. रोज येता.” तो चेन वर ओढत म्हणाला. “मगे शिफ्ट सुरू होता.”

एवढंच. त्याने मला धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. मी विचारलं, “ही पट्टी कशाला लावलीस?” तर म्हणाला, खालून गळतं. मी त्याच्याकडची एक कोरी पिशवी मागितली. त्याच्या खिशात असतेच. तिचं तोंड बंद केलं, फुगवली आणि टाकीत बुडवली. खालच्या जोडावर तीन बुडबुडे, एकाच रेषेत.

“हा लॉटच खराब आहे. कुठून घेतोस?”

“देराच्या बाजारात. एक जण इकता.”

“त्याच्याकडून पुन्हा घ्यायची नाही. दुसऱ्या चार जातीच्या आण, मी बघते.”

ती ओली पिशवी हातात धरून मी उभी होते आणि मला किळस येत नव्हती. कारण ती पिशवी होती. तिला जोड होता, जाडी होती, चिकटपट्टीची रुंदी होती. ही गोष्ट तपासता येते. मी हात पुसले आणि सर्जनना फोन लावला.

“डॉक्टर, तारीख द्या.”

“अल्हमदुलिल्ला,” ते म्हणाले. “यल्ला, चला, पुढचा रविवार.”

घरी अरविंदला सांगितलं. त्याने आनंद झाल्याचं दाखवलं नाही, दुःखाचंही नाही. पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन कपडे गोळा करू लागला. कपडे ओले होते.

गाळलेली पानं

ॲडमिट होताना मी ते पुस्तक बॅगेत टाकलं. बघू तरी म्हटलं. इंग्रजी सोपं होतं. दोन बैठकांत संपवलं.

एका शिष्याची शंका मला फार पटली. आत्मा अनेक शरीरं वापरून टाकत असेल, तो म्हणतो, जसा विणकर जन्मभरात कितीतरी अंगरखे विणतो आणि झिजवतो. पण शेवटचा अंगरखा विणकराच्या मागे उरतो ना? म्हणजे जास्त टिकतो एवढंच सिद्ध झालं, अमर आहे हे नाही. हा मुलगा आमच्या लॅबला चालला असता. म्हाताऱ्याने त्याला लांबलचक उत्तर दिलं, पण माझ्या मते नमुना नापासच.

आणि दोन गोष्टी अशा होत्या, ज्या आमच्या मंडळींनी वाचून दाखवल्याच नव्हत्या.

पहिली. सकाळी मित्र तुरुंगात येतात तेव्हा म्हाताऱ्याची बायको तिथेच असते, कडेवर पोर घेऊन. ती रडते. तो मित्रांना सांगतो, हिला कोणीतरी घरी पोचवा. ती आक्रोश करत जाते आणि मग पुरुष दिवसभर निवांत आत्म्यावर बोलतात. मी अरविंदला विचारलं, हे का गाळलं? तो म्हणाला, “बापटसाहेब म्हणाले तो भाग विषयाला सोडून आहे.”

मला पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटलं. त्या बाईच्या पदरात तीन मुलं होती. सगळ्या तुरुंगात खरा प्रश्न एकटीकडे होता आणि तिलाच बाहेर काढलं.

दुसरी गोष्ट शेवटी आहे. विष घ्यायच्या आधी म्हातारा उठतो आणि आंघोळ करून येतो. का, तर मागाहून बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको. सगळ्या पुस्तकात एवढंच एक वाक्य मला कोणा शहाण्या माणसाचं वाटलं. मेल्यावर देह कोणीतरी धुवायचा असतो आणि ते कोण धुतं हे त्याला माहीत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने मला जंतुनाशक साबणाने आंघोळ करायला लावली. मी करून आले. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, इथपर्यंत आपलं जमलं.

सगळे बाहेर

ऑपरेशनचं काही लिहिण्यासारखं नाही. झोपले, उठले. उठल्यावर चादर वर करून बघायचं धाडस तीन दिवस झालं नाही. नळ्या, बेचव सूप, पहाटे पाचला ताप मोजायला येणारा थंड हात. चौथ्या दिवशी पिशवी भरली आणि सुटली. चादर, गाऊन, सगळं. मी घंटा वाजवली आणि लाजेने डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवर एक सुदानी आजी होती. तिची मुलगी उठली, स्वतःच्या पर्समधली अत्तराची कुपी काढली आणि दोन खाटांमधल्या पडद्याला ऊद फासला. मग पुन्हा आजीचे पाय चेपत बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर झालेल्या उपकारांत हा मी पहिल्या नंबरावर ठेवते.

त्या वॉर्डात एक नियम होता. पिशवी बदलायला घरचं एक माणूस शिकल्याशिवाय डिस्चार्ज नाही. त्या माणसाने स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवायचं. सिस्टर लिसी, केरळची, पन्नाशीची, ते शिकवायची. तिने शुक्रवारची दुपार दिली. आणि नेमकी त्याच वेळी बापटसाहेबांसह मंडळी भेटायला आली. शहाळी, गुलाब आणि पुस्तक. पाचही जण खाटेभोवती उभे राहिले. बापटसाहेबांनी कंठ साफ केला.

“वहिनी, आजचा आमचा परिच्छेद आम्ही ठरवून इथेच—”

सिस्टर लिसी ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर ट्रे, हातमोजे, कात्री, कोरी पिशवी. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं.

“ये सब कौन है?”

“मित्र,” अरविंद म्हणाला. “दोस्त लोग.”

“दोस्त लोग बाहर. हसबंड रुकेगा.”

“सिस्टर, पाँच मिनट,” बापटसाहेब म्हणाले, “हम लोग जरा आत्मा के बारे में—”

“आत्मा बाद में. पहले बॅग. चलो, चलो.”

चौघे निघाले. गुलाब घेऊनच निघाले, गडबडीत. मी अरविंदकडे बघितलं. त्याचा एक पाय दाराकडे वळलेला होता, खोटं कशाला लिहू. सिस्टरने त्याच्या हातात हातमोजे दिले आणि पडदा ओढला.

तिने चादर बाजूला केली. अरविंदने बघितलं. तो बेसिनकडे गेला आणि ओकला. व्यवस्थित, आवाज करून. सिस्टर लिसी घड्याळाकडे बघत उभी होती. मी छताकडे बघत होते. मनात म्हणत होते, गेला. आता तोंड धुईल, मला म्हणेल, मला जमत नाही, आणि मी म्हणेन, मी स्वीकारते.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. तो परत आला. हातमोजे उलटे घातले होते. सिस्टरने सुलटे करून दिले.

“कड वरून सोडवायची का खालून?” त्याने विचारलं. मराठीत. सिस्टरला कळलं नाही.

“वरून,” मी म्हटलं. “आणि कातडी दाबून धर, पट्टी ओढू नकोस.”

“ओढत नाहीये.”

“ओढतोयस.”

“अगं, मी बघतोय ना? तू मान खाली ठेव.”

“पाणी कोमट घे.”

“कोमटच आहे. तुला प्रत्येक गोष्टीत—”

आम्ही भांडत होतो. एप्रिलमधला दुसरा आठवडा असेल. जानेवारीपासून तो माझ्याशी भांडला नव्हता. पुसणं, सुकवणं, पिशवीच्या चिकट चकतीत तोंडाच्या मापाचं भोक कापणं, सगळं त्याने केलं. पहिली चकती मोठी कापली. सिस्टर म्हणाली, “फिरसे.” दुसरी बरोबर बसली. तळहाताने दाबून धरायची असते, अंगाच्या उबेने चिकटते. त्याने मिनिटभर माझ्या पोटावर हात ठेवला. “खलास,” सिस्टर म्हणाली आणि कागदावर सही घेतली.

नंतर

केमो सहा महिने चालली. तोंडाची चव गेली, केस विरळ झाले, पण पिशवी गळली नाही. अरविंदला वर्षभराने फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरी लागली. तो गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. बापटसाहेबही तेव्हाच पुण्याला परत गेले. ते मेल पाठवतात. अभ्यासमंडळ त्यांच्यामागे एक महिना टिकलं. सानिकाने एकदा मैत्रिणीला माझ्यासमोर सांगितलं, “माय मॉम हॅज अ बॅग,” आणि मला विचारलं, “इज दॅट ओके?” मी म्हटलं, आधी विचारायचं असतं. मग म्हटलं, ओके.

दत्तारामला २०११मध्ये तीन महिन्यांची रजा मिळाली. त्याची जागा राखून ठेवा म्हणून मी मॅनेजरशी भांडले. मी लॉट थांबवते तशी भांडले. तो गावाला जाऊन आतडं जोडून आला. आल्यावर पहिल्या गुरुवारी सवयीने लॅबच्या दारात उभा राहिला. हातात आमसुलांची पुडी.

“पिशये नको आता माका,” तो म्हणाला. मग रिजेक्टच्या पेटीकडे बघून, “तुमका लागतली.”

“मी कधीपासूनच नेते,” मी म्हटलं.

माझं जोडता येणारं नव्हतं. त्याच्या सपाट बॉयलर सूटकडे बघून मला हेवा वाटला. अजूनही वाटतो. आत्मा अमर आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर त्याने त्याचं बघावं. चांगली चिकटलेली पिशवी तीन दिवस टिकते. चौथ्याची वाट बघू नका. चकतीचं भोक मापापेक्षा नखभर मोठं कापा, जास्त नाही. दवाखान्यात तुमच्याभोवती मंडळी जमतील, त्यांना बाहेर घालवा. एकाला मात्र आत ठेवा. तो ओकला तरी ठेवा.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये एक नवी मुलगी लागली, कोचीची. गुरुवारी मी पेटीतून काळ्या पिशव्या काढत होते तेव्हा तिने विचारलं, “मॅडम, रिजेक्ट माल घर क्यों ले जाते हो?”

दत्तारामलाही मी हेच विचारलं होतं; त्याने पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं. पोट, तोंड, पिशवी, सगळं, दोन वाक्यांत. तिने पटकन नाकाकडे हात नेला, मग लाजून खाली घेतला.

“घिन आयी?” मी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

“आने दे,” मी म्हटलं. “दो बजे नया लॉट है. टंकी का पानी बदल दे.”